आपल्या कानाचा इतिहास

आवड ज्याची त्याची, असं म्हणून विषय मिटवायची आपल्यात सवय आहे. जयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांत भांडण लागतं. म्हातारे म्हणतात गायन पार्टी आणा. तिशीतले म्हणतात डीजे लावा. कॉलेजातली दोन-चार पोरं म्हणतात रॅप करणारा ग्रुप बोलवा. मग एखादा शहाणा उठतो आणि म्हणतो, जाऊ द्या हो, आवड ज्याची त्याची. शेवटी ज्याच्या हातात पावतीपुस्तक, त्याची आवड चालते.

दोस्तांनो, मला हे पटत नाही. आवड काही आभाळातून पडत नाही. कोणतं वाद्य कानाला गोड लागतं आणि कोणतं ऐकून तळपायाची आग मस्तकात जाते, हे आपल्या जातीने, कामाने, मशीनने आणि लढ्याने ठरवलेलं असतं. संगीताचा इतिहास लिहिणारे घराण्यांचा इतिहास लिहितात. आपल्या कानाचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागणार. मी रिंग खात्यात काम करणारा माणूस, शाळा अर्ध्यात सुटलेली. जमेल तसा मांडतो.

सुरुवात डफड्यापासून करू. गावगाड्यात वाजवणं ही कला नव्हती. ते काम होतं, आणि ते जातीवर लादलेलं होतं. पाटलाच्या घरचं लग्न असो, देवाची पालखी असो नाहीतर पोळ्याचे बैल. डफडं, संबळ, सनई घेऊन पुढे चालायचं महार-मांगांनी. वाजवून झालं की लांब बसायचं आणि उरलंसुरलं पदरात घ्यायचं. वाजवणारा देवळापर्यंत जायचा. देवळात नाही.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा मिळायचा. पण तिथे आपल्या माणसाला घेत नव्हते. कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला तोंड लावायला सवर्ण कामगार तयार नव्हता. म्हणून आपली माणसं रिंग खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला होता. आता विचार करा. ज्या तोंडाचा धोटा विटाळाचा, त्याच तोंडाने फुंकलेली सनई मात्र लग्नात शुभ! थुंकीचा विटाळ कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे व्यवस्था आपल्या सोयीने ठरवत होती.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, लाचारी सोडा म्हणून सांगितलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव लोकांनी वाजवणंही टाकलं. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेलं. वाजवायला नकार दिला म्हणून बहिष्कार पडले, दाणापाणी तोडलं गेलं. माझा आजा डफड्याचा आवाज आला की उठून घरात जायचा. त्याला ताल कळत नव्हता असं नाही. बसल्या जागी त्याची बोटं मांडीवर चालायची. पण तो आवाज त्याला मान खाली घालायला लावायचा, म्हणून तो नकोसा होता. आपल्या आवडीनिवडीतला पहिला मोठा बदल हा असा झाला. आधी मान ताठ झाली, मागून कान बदलला.

मग त्यांना आवडलं काय? त्यासाठी नाशकात यावं लागेल. २ मार्च १९३०. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात त्या दिवशीच्या मिरवणुकीचं वर्णन केलंय. मिरवणूक मैलभर लांब. अगदी पुढे लष्करी बँडात तयार झालेली माणसं. त्यांच्या मागे स्काउट. त्यामागे पाचेकशे बाया. मग हजारोंचा लोंढा. म्हणजे त्या दिवशी गोदेकाठी आपलाच बँड वाजत होता, आणि तो कुणाच्या पालखीपुढे वाजत नव्हता. आपल्याच लोकांच्या पुढे वाजत होता. नाशकात आजही बँड म्हटलं की माणसाला लग्नाची वरात आठवते. ढोलाला तर नाशिकचंच नाव लागलंय, पार केरळात ‘नाशिक ढोल’ म्हणतात. पण आपल्यासाठी बँडचा इतिहास २ मार्चपासून मोजायला पाहिजे.

त्याच काळात जलसा उभा राहिला. भीमराव कर्डक आपल्या नाशिक जिल्ह्याचे. नाशिक जिल्हा युवक संघाचा त्यांचा जलसा सत्याग्रहाच्या धामधुमीत, १९३१ च्या सुमाराला सुरू झाला. पुढे १९७८ साली त्यांनी ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहिलं. ज्याला चळवळीत काम करायचंय त्याने ते वाचलंच पाहिजे. या जलसेकारांनी केलं काय? तमाशाचा साचा घेतला, कारण लोकांच्या कानाला तोच माहीत होता. सत्यशोधकांनी तो आधी वापरून दाखवलाच होता. पण आतला माल बदलला. गणातून देव हटला, तिथे बाबासाहेब आले. शृंगाराची लावणी वगळली. वगाच्या जागी शिक्षण, सावकारी, अस्पृश्यता यांवरचे फार्स आले. माणसं करमणुकीला यायची आणि सभेतून उठल्यासारखी घरी जायची.

नंतर वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. मुंबईत पडेल ते काम केलं. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. हे मुद्दाम सांगतो. कारण आज जुनी माणसं आम्हाला म्हणतात, तुमचे ते चोरलेले बीट, तुमच्या त्या उसन्या चाली. अहो, उसनी चाल आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. सिनेमाची चाल, कव्वालीचा ठेका, तमाशाची ढोलकी, जे हाताला लागलं ते उचललं आणि त्यात आपला शब्द भरला. मालमत्ता नसलेल्या माणसाने चाल तरी कुठून विकत आणावी?

पन्नासच्या, साठच्या, सत्तरच्या दशकात गायन पार्ट्यांचा जमाना होता. पेटी, ढोलकी, बेंजो. दोन पार्ट्या समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब बांधायचा. वामनदादा, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, ही नावं ऐकली की आमच्या बापाचे डोळे आजही चमकतात. रात्र रात्र सामने चालायचे. ऐकणारा नुसता ऐकत नव्हता, तो न्याय करत होता. कोणाचा शब्द भारी, कोणी इतिहास चुकीचा सांगितला, यावर पहाटे चहाच्या टपरीवर वाद व्हायचे. न शिकलेल्या माणसाचं ते कॉलेज होतं.

ते गेलं कशाने? पोरं बिघडली म्हणून नाही गेलं. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. त्याआधी गाणं छापायचं म्हणजे मोठी रेकॉर्ड कंपनी पाहिजे. कॅसेट स्वस्त, छोट्या कंपन्याही काढायला लागल्या, आणि आपला गायक पहिल्यांदाच झोपडीतल्या टेपवर वाजला. बापाने पगारातून टेप घेतला आणि आईने भाकरी थापता थापता प्रल्हाद शिंदे ऐकले. हा फायदा लहान नाही. पण टेपवरच्या गायकाला सवाल टाकता येत नाही. सामना संपला. ऐकणारा न्यायाधीश होता तो गिऱ्हाईक झाला. शिवाय १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचा तो मुलूखच मोडला. ज्या चाळींच्या वर्गणीवर पार्ट्या जगत होत्या, तिथल्या चुली विझल्या. मशीन बदललं, रोजगार बदलला, त्याच्या मागे आवड बदलली.

आता डीजे. यावर शिकलेली माणसं नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. मोठ्या आवाजाला कारण आहे. ज्या गावात आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात, आपली मिरवणूक वेशीवर अडते, त्या गावच्या पोराला छातीत धडकणारा आवाज हवासा वाटणारच. मे २०१५ मध्ये इथून दोन-अडीच तासांवर, शिर्डीत, एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, तिथून भांडण सुरू झालं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. रिंगटोन! खिशातल्या फोनचा तेवढासा आवाज. तोही सहन झाला नाही. मग पोरं भिंतीएवढे स्पीकर लावतात, त्यांना नुसतं उथळ म्हणून चालणार नाही.

पण डीजेची किंमतही मोजली पाहिजे. रिंग खात्यात आठ तास उभं राहिलं की बाहेर आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते. आवाज माणसाचं काय करतो ते मला पुस्तकातून शिकायला लागलं नाही. २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. हा नियम सगळ्यांच्याच मिरवणुका मोडतात. माझं दुखणं नियमाचं नाही. माझं दुखणं असं आहे की डीजेच्या भिंतीपुढे शब्द मरतो. वामनदादांच्या ओळीतला विचार ठोक्याखाली गाडला जातो आणि वर फक्त नाव उरतं. जे गाणं लोकांना शिकवण्यासाठी जन्मलं ते नुसतं घोषणेपुरतं उरलं, तर आपण आवाज कमावला आणि शब्द गमावला.

काळ्या अमेरिकेतही हेच घडलंय. लेरॉय जोन्स, म्हणजे पुढचा अमिरी बराका, याने १९६३ साली ‘ब्लूज पीपल’ लिहिलं. काळ्या माणसाची समाजातली जागा बदलली तसतसं त्याचं संगीत बदललं, हे त्याचं म्हणणं. थोडं वर सरकलेल्या काळ्या लोकांना ब्लूजची लाज वाटायची, कारण त्याला गुलामीचा वास होता. माझ्या आज्याचं डफडं आठवा! आणि १९७० मध्ये ब्लॅक पँथरचा स्वतःचा बँड होता, ‘द लंपेन’. ते लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर क्रांतीचे शब्द बसवायचे. वामनदादांनी १९४३ साली केलं तेच. आपल्या दलित पँथरने १९७२ साली त्यांच्याकडून नाव घेतलं, पण ही रीत आपल्याकडे आधीपासून होती.

जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. सिनेमावाले पा. रंजित त्यामागे. गिटार आहे, रॅप आहे, आणि त्यात परई आहे. परई म्हणजे त्यांचं डफडं. मयतीला वाजवायचं म्हणून लादलेलं, त्यावरून जातीला नाव पडलेलं, लाजेने टाकलेलं. ते आता स्टेजच्या मधोमध. हुकमाने वाजवलं की ती गुलामी. मर्जीने, आपल्या पैशाने, आपल्या शब्दांसाठी वाजवलं की तेच वाद्य हत्यार होतं. आज्याने डफडं टाकलं ते बरोबर. नातवाने उचललं तर तेही बरोबर.

इथे एक कडू गोष्ट बोलायची आहे. आपण वाद्य टाकलं, पण अनेक मातंग भावांचं पोट आजही त्यावर आहे. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारा, ताशा बडवणारा माणूस बहुतेक त्यांच्यातला. आपण त्याला कसं वागवतो? पैशात घासाघीस, जेवायला शेवटी बसवणं, ‘ए बँडवाल्या’ म्हणून हाक मारणं. हे पाटील करत होता ना? मग आपण आणि पाटील यात फरक काय राहिला? अण्णाभाऊंचा फोटो लावायचा आणि त्यांच्या भावकीला मागच्या पंगतीला बसवायचं, हे आंबेडकरवादात बसत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल, तर चौदाव्या वर्षी मला फक्त डीजे दिसत होता. विसाव्या वर्षी रॅप सापडला, कारण त्यात आमच्यासारख्याला बोलायला जागा होती. कविता लिहायला लागलो तसा शब्द नीट ऐकायची भूक लागली. आता रात्रपाळीहून आलो की कडूबाई खरात ऐकतो. एक बाई, एक एकतारी, बस्स. उद्या आणखी काही आवडेल. या सगळ्यांपैकी कोणालाही मी घराबाहेर काढलेलं नाही. आवड बदलली म्हणजे बाप बदलावा लागत नाही.

तेव्हा, दोस्तांनो, वाद जुनं की नवं हा नाही. तीन गोष्टी विचारा. वाजवणारा मर्जीने वाजवतो का? त्याला मान आणि पूर्ण पैसे मिळतात का? आणि शब्द ऐकू येतो का? या तिन्हींना होय उत्तर असेल तर जलसा आणा, रॅप आणा, रॉक आणा.

आणि एक काम ताबडतोब करा. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्या पिढीचे थोडेच उरलेत. गावोगाव म्हाताऱ्या गायकांच्या पत्र्याच्या पेट्यांत गाण्यांच्या वह्या वाळवी खातेय, कॅसेटींना बुरशी लागतेय. तुमच्या खिशात फोन आहे. त्यांच्या समोर बसा, गाणं विचारा, रेकॉर्ड करा, वहीचं पान न् पान उतरवून घ्या, कोणाचं गाणं, कोणत्या साली, कोणत्या गावी गायलं ते खाली लिहा. त्या वहीत आपला इतिहास आहे, आणि पावसाळा लांब नाही.

जय भीम.