सोळा जूनची कुळकथा

इंग्लंडमधल्या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांचं वर्ष १६ जूनला सुरू होतं. १५ मार्च ते १५ जून हे तीन महिने नदीत रोच, ब्रीम, टेंच, चब, बार्बेल, पर्च, पाईक यांपैकी कुठल्याही माशासाठी गळ टाकायला कायद्याने मनाई आहे. म्हणून १५ तारखेच्या संध्याकाळीच हौशी माणसं काठ्या, तंबू आणि अळ्यांचे डबे घेऊन काठावर जागा धरतात आणि बारा वाजेपर्यंत थांबून राहतात. सॅमन, ट्राउट आणि ग्रेलिंग हे खानदानी मासे वगळले, तर गोड्या पाण्यातल्या बाकी माशांना तिकडे ‘कोर्स’, म्हणजे हलक्या प्रतीचे, म्हणण्याची रीत आहे. त्या माशांसाठी उन्हाळ्यात नदीवर किंवा तळ्यावर जाणं हा तिथल्या कामकरी वर्गाचा जुना आणि जिवापाड जपलेला शौक. त्या सहलीचं वेळापत्रक १८७८ सालच्या एका कायद्याने ठरवलं. हा कायदा वरच्या वर्गाने खालच्यांवर लादला असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्यांच्या नावावर नदीचा वीतभर काठही नव्हता, त्यांनी तो निर्बंध आपणहून पत्करला होता आणि त्यांना तो हवाही होता.

मासेमारीचा बंदीकाळ इंग्लंडला नवा नव्हता. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात हंबर, ट्रेंट, डॉन अशा नद्यांची नावं घेऊन ८ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर सॅमन धरायला बंदी घातलेली आहे. आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या ‘द कम्प्लीट अँगलर’मध्ये हे जुने नियम कोणी पाळत नाही म्हणून कळवळून तक्रार केली आहे. १८६१ मध्ये सॅमनसाठी नवा, कडक कायदा झाला. पण हे सगळं श्रीमंतांच्या ताटातल्या माशासाठी. रोच किंवा ब्रीमचा वाली कोणी नव्हता, आणि वालीची गरज खरं तर त्यांनाच अधिक होती. रोच मे महिन्याच्या सुमारास अंडी घालतो. त्या दिवसांत नराच्या डोक्यावर आणि अंगावर पांढरे बारीक दाणे उठतात, एरवी गुळगुळीत असणारं अंग हाताला खरखरीत लागतं. थवेच्या थवे उथळ पाण्यात, शेवाळात आणि वाळुंजाच्या बुडत्या मुळांत शिरतात, अंगाला अंग घासत पाणी घुसळतात आणि चिकट अंडी त्या मुळांना लावून जातात. एवढ्या वेळात त्यांना आजूबाजूचं भान नसतं. एक जाळं फिरवलं की अख्ख्या पट्ट्यातली पुढची पिढी बाजारात. सॅमन समुद्रातून परत येतो, पण गाळात वाढलेला ब्रीम बाहेरून येत नाही, त्या पाण्यातला संपला की संपला.

आता शेफील्डकडे वळू. चाकू-सुऱ्या आणि पोलादाच्या या गावाने आपली डॉन नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने नासवून टाकली होती. तिथल्या सहाणेवर बसणाऱ्या कारागिराला मासा हवा असेल तर परगावी जाणं भाग होतं. १८४८ मध्ये लिंकनपासून बोस्टनपर्यंतची रेल्वे झाली, आणि ती धावायची विथम नदीच्या थेट काठाने. बार्डनी, कर्कस्टेड, लँग्रिक अशी स्टेशनं नदीला लागूनच, उतरलं की काही पावलांवर पाणी. शेफील्डच्या दारूच्या गुत्त्यांत गळवाल्यांची मंडळं निघाली. त्यांनी वर्गणी जमवली, रेल्वेकडून सवलतीची तिकिटं मिळवली आणि विथमवर शर्यती लावल्या. एका माणसाला परवडणार नाही ते मंडळाला परवडत होतं. त्यांचे खासदार होते अँथनी जॉन मंडेला, नॉटिंगहॅमचे मोज्यांचे कारखानदार, १८६८ मध्ये शेफील्डहून निवडून आलेले. १८८० साली इंग्लंडात शाळेची हजेरी सक्तीची केली ते हेच. १८७८ चा गोड्या पाण्यातल्या माशांचा कायदा त्यांनीच पुढे आणला आणि तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. तीन महिने गळही बंद आणि त्या माशांची खरेदी-विक्रीही बंद. जाळंवाल्याचा बाजारच बंद झाला, हे त्यातलं खरं मर्म.

यावर पहिला आक्षेप असा, की हा कायदा शेवटी मालकांच्याच सोयीचा होता. त्यात तथ्य आहे. कायद्यात सवलती होत्या. खासगी हक्काच्या पाण्यात मालकाच्या परवानगीने बंदीकाळातही गळ टाकता येत होता, आणि जिथे ट्राउट राखलेला असेल तिथे मालकाला हे ‘हलके’ मासे वर्षभर मारून टाकायची मुभा होती. शिवाय याच महिन्यांत धनिकांचा ट्राउटचा हंगाम भरात येतो. पण मला याहून बोलका पुरावा सापडतो तो पंचांगात. १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि इंग्लंडच्या कामगाराला चार सुट्ट्या हक्काच्या मिळाल्या: ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळचा दुसरा दिवस. ईस्टरचा सोमवार २३ मार्च ते २६ एप्रिलच्या दरम्यान येतो आणि व्हिटसनचा ११ मे ते १४ जूनच्या दरम्यान. म्हणजे कुठल्याही वर्षी या दोन्ही सुट्ट्या बंदीकाळातच पडणार, व्हिटसन तर कधी कधी हंगाम उघडायला दोन दिवस उरले असताना. डिसेंबरची सुट्टी थंडीची. उन्हाळ्यात हाताशी राहिला एकटा ऑगस्टचा सोमवार. जहागीरदाराला कुठलाही वार चालतो. सात वर्षांपूर्वी मिळालेल्या सुट्ट्यांचा असा बळी देऊनही शेफील्डच्या मंडळांनी मंडेलांची साथ केली. फसवल्या गेलेल्या माणसांनी हे केलं असं मला वाटत नाही. जमीन ज्याची त्याला आपलं पाणी कुंपण घालून राखता येतं, पण विथमच्या माशावर कामगाराचा जो काही वाटा होता तो सगळ्यांनी मिळून हात आवरला तरच टिकणारा होता.

दुसरा आक्षेप जीवशास्त्राचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पाईक मार्च-एप्रिलमध्येच अंडी घालून मोकळा होतो. उलट टेंचला पाणी चांगलं तापलेलं लागतं, तो जूनच्या अखेरीस, कधी जुलैतही अंडी घालतो. मग १६ जून ही तारीख कोणत्या माशाची? एकाचीही नाही. ती सगळ्यांची सरासरी काढून केलेली तडजोड आहे. आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसाला ओढ्यांतून वर चढणारे, पोटात गाभोळी भरलेले चढणीचे मासे धरतात, तिथेही हाच पेच आहे. मात्र समुद्रावर आपल्या कोळ्याला हा पेच फारसा पडत नाही. खवळलेला दर्या त्याला घरी बसवतो आणि नारळी पौर्णिमेला वाट मोकळी होते. इंग्लंडची नदी एप्रिल-मेमध्ये शांत, सुरेख, माणसाला बोलावणारी असते. तिथे निसर्ग कोणाला अडवत नाही, म्हणून माणसांना तारीख ठरवावी लागली. आणि सगळ्यांनी पाळायची तारीख एकच असावी लागते. माशागणिक वेगळी तारीख ठेवली, तर पाण्याखाली गळाला कोण लागणार हे आधी कळत नाही, आणि काठावरच्या रखवालदाराला काही सिद्ध करता येत नाही.

शतकभराने ही तडजोड सैल झाली. १९९५ मध्ये बहुतेक तळ्यांवरची बंदी उठली, २००० मध्ये बहुतेक कालव्यांवरची. तळ्यांत मासे घटले नाहीत, तेव्हा नदीवर तरी बंदी कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. या युक्तिवादात एक गोष्ट नजरेआड होते. ज्या तळ्यांवर आज गर्दी होते त्यांतल्या कितीतरी तळ्यांत कार्प विकत आणून सोडलेले असतात. तळं चालवणारा दिवसाचे पैसे घेतो आणि मासा घटला तर नवा आणतो. तिथला मासा त्याच्या धंद्याचं भांडवल आहे, त्याची काळजी त्याचा हिशेबच घेतो. नदीतल्या जंगली बार्बेलला असा मालक नाही. पकडला जाईपर्यंत तो कोणाचाच नसतो, आणि १८७८ मध्ये होता तितकाच आजही उघड्यावर आहे. मासा परत पाण्यात सोडण्याची रीत आता सार्वत्रिक आहे हे खरं, पण अंड्यांवर आलेली मादी उथळातून ओढून काढायची, हाताळायची आणि मग सोडायची, यात तिचं काहीच बिघडत नाही असं म्हणवत नाही. शिवाय उथळ पाण्यात उतरणाऱ्या बुटांखाली खडीतली अंडी चिरडतात, त्याचं काय? २०१९ मध्ये सरकारी पर्यावरण संस्थेने गळवाल्यांची मतं मागवली आणि नद्यांवरची बंदी कायम ठेवली. माझ्या मते ते योग्यच झालं. तारीख हलवायचीच असेल, तर ती मागे न ओढता पुढे, जूनच्या अखेरीकडे न्यावी. टेंचला आणि उशिराच्या बार्बेलला ती जास्त मानवेल, आणि ऑगस्टचा सोमवार, जो आता महिन्याच्या शेवटी गेला आहे, तरीही हंगामातच राहील.