बंद लिफाफा: शब्दकोड्यापासून लकी ड्रॉपर्यंत

आजच्या भागात इतिहास आहे, कोर्टकचेरीही आहे. पण सुरुवात माझ्या एका जुन्या पापापासून करतो.

नोकरीचं पहिलंच वर्ष. गोरेगावला एका टेक कॉन्फरन्समध्ये आमच्या कंपनीचा स्टॉल होता. स्टॉलवर या, गळ्यातला बॅज स्कॅन करू द्या, संध्याकाळी लकी ड्रॉ, बक्षीस एक टॅबलेट. ड्रॉचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता, जेमतेम वीस ओळींचा. बटण दाबलं आणि इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचं नाव आलं. मोठ्या स्क्रीनवर जायच्या आधीच साहेब कानाशी येऊन म्हणाले, "हा काय आपलं सॉफ्टवेअर विकत घेणारे का? परत मार." मी परत मारलं. तिसऱ्या खेपेला एका बँकेचे आयटी मॅनेजर आले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

घरी मी हे हसत हसत सांगितलं. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे लिफाफा तुमच्याच खिशात होता."

हा लिफाफा कसला, ते कळायला मला बरंच वाचावं लागलं.

आजोबा गिरगावात फणसवाडीच्या चाळीत वाढले. त्यांच्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे १९५०च्या आसपास, बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं वेड होतं. कूपन कापायचं, कोडं भरायचं, प्रवेश फी जोडून पाठवायचं. पणजोबा कोडी भरायचे आणि आजोबा ती पोस्टात टाकायचे. एका महिन्यात शाळेच्या फीचे पैसेही त्यातच गेले. ते आजोबा अजून विसरलेले नाहीत.

मुंबई सरकारनं १९४८ सालीच अशा स्पर्धांवर परवाना आणि कर बसवला होता. पण राज्याबाहेर छापलेली वर्तमानपत्रं त्यातून सुटत होती. आर. एम. डी. चमारबागवाला यांचं 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक बंगळूरला छापलं जायचं, आणि त्यातलं कोडं मुंबईतही सोडवलं जायचं. १९५२ साली कायद्यात दुरुस्ती करून सरकारनं ही पळवाट बुजवली. चमारबागवाला हायकोर्टात गेले आणि जिंकले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ९ एप्रिल १९५७ला सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठानं निकाल फिरवला.

त्या निकालात कोड्याचं आतलं यंत्र उघडून दाखवलंय, आणि माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला तोच भाग जास्त आवडला. एका सूत्राला दोन शब्द सारखेच चपखल बसतात. मग बरोबर कुठला? आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेला! तुमची भाषा कितीही पक्की असो, उत्तर त्यांच्याशी जुळलं तरच बक्षीस. कोर्ट म्हणालं, हा जुगार आहे, आणि व्यापाराला मिळणारं घटनेचं संरक्षण जुगाराला नाही.

त्याआधीच, १९५५ साली, संसदेनं बक्षीस स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एकूण बक्षिसं १,००० रुपयांच्या वर नकोत, एका स्पर्धेला २,०००पेक्षा जास्त प्रवेशिका नकोत. एवढ्या बक्षिसात कोण खेळणार? (हौस मात्र गेली नाही. १९६२ साली वरळीत कल्याणजी भगत यांचा मटका सुरू झाला आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत पोचला. १९६९ साली तर राज्य सरकारनंच लॉटरी काढली. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

पुढे ग्राहक कायदा आला. विक्री वाढवण्यासाठी काढलेली सोडत त्यानं अनुचित व्यापारी प्रथांमध्ये घातली. २००२च्या दुरुस्तीनं अशा योजनेचा अंतिम निकाल लपवणंही त्यात आलं. आम्ही निकाल लपवला नव्हता. बदलला होता.

प्रवेश फीचं रूपही बदलत गेलं. २००७ साली 'कौन बनेगा करोडपती'च्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. प्रवेश मोफत, पण उत्तराचा एसएमएस २ रुपये ४० पैशांना. बक्षिसाचा खर्च त्या एसएमएसमधूनच निघतो, असं म्हणत राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली स्टार इंडिया आणि एअरटेलला १ कोटी रुपये भरायला सांगितले. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं पुरावा नाही म्हणून तो आदेश रद्द केला.

आमच्या स्टॉलवर एक पैसाही फी नव्हती. बॅजमधून फक्त नाव, हुद्दा, कंपनी आणि मोबाईल नंबर यायचा. त्या एक्सेल शीटला आमच्याकडे 'लीड्स' म्हणतात. टॅबलेटची किंमत भागिले शीटमधल्या ओळी, हा हिशोब साहेबांनी ड्रॉच्या आधीच करून ठेवला होता आणि तो स्वस्तात पडला होता.

त्या विद्यार्थ्याला आपण जिंकलो होतो हे कधीच कळलं नाही. त्याचा नंबर मात्र शीटमध्ये राहिला. पुढचे सहा महिने आमच्या सेल्सवाल्यांचे त्याला फोन जात होते.