प्रकाशवाटेची आगाऊ नोंदणी

माझ्या लहानपणी ट्रंक कॉल बुक केला की घरातले सगळे घंटीकडे कान लावून बसायचे. मधल्या प्रत्येक एक्सचेंजात लाइन मोकळी व्हायची, तेव्हा कुठे पलीकडचा आवाज यायचा.

इंटरनेटने ही नोंदणी मोडीत काढली. माहितीचे तुकडे मिळेल त्या वाटेने जातात, गर्दी झाली तर रेंगाळतात. आपल्या व्हिडिओचं त्यावर भागतं. पण सर्नसारख्या प्रयोगशाळांचा अवाढव्य डेटा समुद्रापार न्यायचा, तर अमुक वेळेत अमुक क्षमता फक्त आपलीच, अशी खात्री लागते. म्हणजे पुन्हा बुकिंग! अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेट या नेटवर्कने २००४ मध्ये त्यासाठी ऑस्कर्स नावाच्या प्रणालीवर काम सुरू केलं.

आपल्या हद्दीत हे जमलं. पण वाट चार नेटवर्कांतून जाते तेव्हा हुकूम कोणाचा? युरोपात जीआंटने ऑटोबान बनवली, जपानात जी-लॅम्बडा प्रकल्प चालू होता. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. २००६ मध्ये जपानी आणि अमेरिकी गटांनी मध्ये दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि दोन्ही देशांतले संगणक व प्रकाशवाटा एकाच वेळेसाठी राखून दाखवल्या. मात्र प्रत्येक नव्या जोडीला नवा दुभाष्या, हे किती दिवस चालणार?

म्हणून ओपन ग्रिड फोरममध्ये एनएसआय नावाची सामाईक बोली घडली. तिची दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये आली. मला तिची रीत फार आवडते. विनंती आली की प्रत्येक नेटवर्क आपला तुकडा आधी नुसता धरून ठेवतं. सगळ्यांचा होकार आला तरच नोंदणी पक्की. एकाने नकार दिला, तर बाकीचे आपापला तुकडा सोडतात. ठरलेल्या मुदतीत पक्कं केलं नाही, तरी धरलेली जागा सुटते. नाहीतर रुमाल टाकून सीट अडवणाऱ्यांचंच फावलं असतं. नोंदणी पक्की झाली तरी वाट चालू करायला वेगळा निरोप लागतो.

यात सर्वांवर एक मालक बसवलेला नाही. आपल्या आतला नकाशा शेजाऱ्याला दाखवण्याची सक्तीही नाही. इथून तिथपर्यंत, इतक्या वेळेसाठी, इतकी क्षमता देतो, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. उरलेली वाट पुढच्या नेटवर्कच्या शब्दावर.