ऑफलाइन म्हणजे मेलेली नव्हे

आजचा भाग छोटा आहे, पण जिवाला घोर लावणारा होता.

दिवाळीच्या आधी संगमनेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेतून फोन आला, "सर, सर्व्हरच चालू होईना." साफसफाईत डबा जरा सरकवला होता, एवढंच. आत चार डिस्कचा झेडएफएस पूल. एक गेली तरी काम चालतं असा. पाहतो तर दोन गायब! एक १९ दिवसांपूर्वी कोणीतरी केबल बदलायला म्हणून हाताने ऑफलाइन केली आणि विसरला. दुसरीची केबल आज निसटली. साहेब म्हणाले, "नव्या डिस्क टाकून परत बांधा की." बॅकअप दोन महिन्यांचा जुना. म्हणजे दोन महिन्यांच्या ठेवी आणि हप्ते गेलेच असते.

आता थोडं मागे जाऊ. १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅकमध्ये पहिली डिस्क आली: ५० तबकड्या, सुमारे ५० लाख अक्षरं. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' हे नाव रूढ केलं. स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि जादाची माहिती ठेवायची. सोपं उदाहरण: तीन आकडे आणि त्यांची बेरीज लिहून ठेवा. एक आकडा पुसला तर वजाबाकीनं परत मिळतो. दोन पुसले की संपलं.

पण पुसलेला आकडा परत आला तर? खरी गोम इथे आहे. परतलेल्या डिस्कवरचा मजकूर शिळा असतो. जुन्या रेड कंट्रोलरवर शिळी डिस्क जबरदस्तीनं ऑनलाइन केली, तर जुनं आणि नवं मिसळून सगळीच खिचडी. नीट केलं तरी अख्खी डिस्क पुन्हा लिहायची.

सनमध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांनी २००१ पासून झेडएफएसवर काम केलं, २००५ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला. यात लिखाणाच्या प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक असतो आणि कुठल्या डिस्कचे कुठले गठ्ठे चुकले याची पूल नोंद ठेवतो. डिस्क परतली की तेवढेच भरायचे. याला म्हणतात रिसिल्व्हर, म्हणजे आरशाला मागून पुन्हा चांदीचा मुलामा. (नाव ठेवणारा रसिक असणार.)

म्हणून आधी मशीन बंद केलं, सिरियल नंबर वहीत उतरवले, आणि आज निसटलेली केबल बसवली. तीच ताजी डिस्क. पूल 'डिग्रेडेड' म्हणत का होईना, उठला. पहिलं काम बॅकअपचं. मग दुसरीची केबल बदलली, 'झेडपूल ऑनलाइन' दिलं. १९ दिवसांची भरपाई ४० मिनिटांत. रात्रभर स्क्रब लावला.

सकाळी स्टेटस पाहिलं: चुका शून्य. काउंटरवरच्या ताई तेवढ्यात दारात, "सर, मग पासबुकं छापू का?"