ट्रेखालची न्हाणी



आमच्या बाथरूममधला जुना शॉवर ट्रे गेल्या महिन्यात काढला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराच्या छताला ओल आली होती आणि वर्षभर मी "पावसाची असेल हो" म्हणून टाळत होते. ट्रे उचलला आणि मान खाली गेली. जाळीखालचा रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता. आंघोळीचं थोडं थोडं पाणी रोज ट्रेखाली साचत होतं. काळा चिखल, त्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. वर आम्ही पाणी गाळून पितो, आणि पायाखाली हे!

प्लंबर ॲसिड ओतायला निघाला होता. त्याला थांबवलं. चिखल खुरप्याने अलगद भरून बागेतल्या ओल्या सावलीत नेऊन सोडला. किती जीव वाचले देव जाणे.

मग त्याने गंजलेला बिडाचा भाग ठोकून काढला नि म्हणाला, "वहिनी, नवीन नहाणी ट्रॅप आणावा लागेल." मी हसले. आपली न्हाणी! इंग्रजी शिकलेले इंजिनिअरसुद्धा भारतात याला नहाणी ट्रॅपच म्हणतात.

आजीच्या न्हाणीला ट्रॅप नव्हता. उतरती फरशी, कोपऱ्यात भोक, पाणी थेट केळीच्या आळ्यात. उघड्यावर वाहून जाणाऱ्या पाण्याला अडवायचं कशाला? मोहेंजोदडोतही जवळजवळ हेच होतं, साडेचार हजार वर्षांपूर्वी. घराघरात भाजक्या विटांचा न्हाण्याचा ओटा, विटा घासून इतक्या घट्ट बसवलेल्या की फटीत पाणी मुरू नये, एका बाजूला उतार आणि तिथून रस्त्याच्या झाकलेल्या गटारात. तिथल्या मोठ्या स्नानकुंडाला तर पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला सापडला. आमच्या गवंड्यानेही फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा काळा थरच दिला, तेव्हा मला तेच आठवत होतं.

अडचण झाली ती बंद गटारं थेट घरात जोडली गेल्यावर. पाणी खाली जातं त्याच वाटेने वास वर येतो. यावर तोड शोधली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने. 1775 साली त्याने शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात नळी एस अक्षरासारखी वाकवलेली होती. वाकात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि तेच बुचासारखं वास रोखतं. घड्याळजीला हे सुचावं याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या नव्या ट्रॅपमध्ये ते पाणी जेमतेम दोन इंच असतं.

नवा ट्रे बसवलाच नाही. साधी उतरती फरशी केली, जाळी हाताने उचलता येईल अशी, म्हणजे खाली काय चाललंय ते दिसत राहील. फरशी घालण्याआधी भोकात बोळा कोंबून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. दोन्ही दिवस सकाळी खाली जाऊन काकूंच्या छताला हात लावून पाहिला. कोरडं होतं. काकूंची माफी मागितली, त्यांच्या छताच्या रंगाचे पैसे आम्हीच दिले.

एक सांगायचं राहिलं. महिनाभर न्हाणी वापरली नाही तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि घरभर वास सुटतो. गावाहून आलात की आधी एक तांब्या गाळलेलं पाणी जाळीत ओता, मग खिडक्या उघडा.