गाविलगडाची दिवाबत्ती

राजापेठेच्या उड्डाणपुलाखाली तुम्ही उभे आहात. ऑटोवाल्यांचा "बडनेरा, बडनेरा" असा पुकारा चालू आहे. डोळे मिटा आणि दोनशे वर्षांहून जरा जास्त मागं चला. पूल नाही, रेल्वेचे रूळ नाहीत. एवढंच काय, अंबागेट नि जवाहरगेटही अजून उभं राहिलेलं नाही. पेंढाऱ्यांच्या धाकानं निजामाचं सरकार अमरावतीभोवती दगडी परकोट घालायला घेईल ते १८०७ साली. आज तारीख आहे १ डिसेंबर १८०३. पायाखाली काळी माती आहे, भेगाळलेली, कारण साल दुष्काळाचं आहे. समोर तेलाचे बुधले लादलेली एक बैलगाडी उभी आहे. गाडीवान तुमच्याकडं पाहून विचारतो, "काऊन चाल्ली वं माय तिकडं? परवा आडगावले आपली फौज फुटली म्हंतेत. गोरा साहेब मांगंच येऊन रायला."

माय म्हणाला तो. तेव्हा आता कळलं असेल, या गोष्टीत तुम्ही बाई आहात. गाविलगडाच्या जनानखान्यात दिवाबत्ती करणारी बटीक. गडावरचं तेल संपत आलं म्हणून तुम्हाला खाली धाडलं होतं. आता परत वर जायचं आहे.

ही बटीक माझ्या कल्पनेतली. बाकीच्या तारखा, माणसं आणि मरणं खरी आहेत. भयकथेचा एक व्हिडिओ गेम वऱ्हाडच्या मातीत रचायचा तर त्याची गोष्ट कुठली, या प्रश्नाला माझ्याकडं हे एकच उत्तर आहे, आणि ते सांगण्यासाठीच तुम्हाला या गाडीत बसवलं आहे.

वलगाव मागं पडतं, आसेगाव मागं पडतं. वाटेत शिपाई भेटतात, एकटे-दुकटे, लंगडणारे, पण हातातली बंदूक न टाकलेले. हे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या कवायती पायदळातले. २९ नोव्हेंबरला आडगावच्या मैदानात, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यात, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजांपुढं त्यांची फळी मोडली. वाचले ते गाविलगडाकडं निघाले आहेत. त्यांचा सरदार बेनीसिंग. तुमची गाडी आणि त्यांची वाट एकच.

अचलपूर ओलांडलं की सातपुडा भिंतीसारखा समोर उभा राहतो. गाडी पायथ्याशी सोडायची. बुधले हमालांच्या डोक्यावर, तुम्ही मागं. साग, बांबू, कड्यावर कडे. या डोंगरात गुरं राखणाऱ्या गवळ्यांवरून गडाला नाव पडलं असं सांगतात. दगडी किल्ला बांधला तो बहमनी सुलतान अहमदशहानं, १४२५ च्या सुमारास. पुढं इमादशाहीच्या फत्तेउल्लानं तो डागडुजी करून वाढवला. दिल्ली दरवाज्यात आलात की मान वर करा. तुमच्या हातातल्या दिवटीच्या उजेडात दगडातले वाघ-सिंह हलल्यासारखे दिसतात. त्यांच्याशेजारी दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे, पंजात आणि चोचीत हत्ती धरलेला. कुठल्याही गेमच्या चित्रकाराला यापेक्षा चांगला दरवाजा सुचणार नाही. तो १,१०० मीटरच्या आसपास उंचीवर, आपल्याच जिल्ह्यात उभा आहे.

इथं थोडं थांबून ही गोष्ट कोणत्या घराण्यातली ते सांगायला हवं. १७६४ साली होरेस वॉलपोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली आणि इंग्रजीत गॉथिक भयकथेची वाट पडली. जुना किल्ला, बंद दारं, धन्याचा हट्ट, आत अडकलेल्या बायका आणि पूर्वजांनी केलेलं पाप, जे पुढच्यांना फेडावं लागतं. १९९२ मध्ये आलेल्या 'अलोन इन द डार्क' या गेमनं तोच साचा संगणकावर आणला. डरसेटो नावाच्या वाड्याचा मालक गळफास घेतो. खेळणारा माळ्यावर सुरुवात करतो आणि मजला मजला उतरत घराखालच्या गुहांपर्यंत पोचतो. पाप तळाशी गाडलेलं आहे, म्हणून खेळ खाली खाली जातो. गाविलगडावर वाट वेगळी आहे. इथं तीन तट आहेत : उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूचा बाहेरचा तट, मग बाहेरचा किल्ला, मग आतला. खेळ बाहेरून आत सरकतो आणि सगळ्यात आतल्या दाराशी संपतो. ते दार जनानखान्याचं.

गडावर तुमचं काम सोपं आहे. दिवस मावळला की देवळ्यांत पणत्या, दालनांत समया, जिन्यावर एक दिवटी. तेल मोजून वापरायचं. गेममध्ये तुमच्या हाती हेच एक हत्यार राहील : किती तेल उरलं आणि ते कुठल्या दारापाशी जाळायचं. तलवार नाही, बंदूक नाही. या बाईकडं ती नव्हतीच.

५ डिसेंबर. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन अचलपुरात एकत्र आल्याची बातमी वर येते. ७ तारखेला दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघतात. वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याकडून, जिथून सगळे येतात तिथून. स्टीव्हन्सनची वाट मात्र कुणाला खरी वाटत नाही. तो डोंगरांना वळसा घालून उत्तरेकडून येतो आहे, जिथून तोफा येणं शक्य नाही असं गडावर सगळे धरून चाललेत. तुम्ही रात्री तटावरची दिवटी बदलायला जाता तेव्हा पहारेकरी तेच बोलत असतात. तोफा काही शेळ्या नाहीत, म्हणतात.

त्या तोफा माणसांनी ओढल्या. रानात रस्ता करत, चढावर दोर लावून, शिपायांनी स्वतःच्या हातांनी. १२ डिसेंबरला स्टीव्हन्सन लबाड्याच्या बाजूला पोचला आणि त्याच रात्री मोर्चे खणायला लागला. चंद्राचं गणित मांडून पाहिलं, तर १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला अमावास्या येते. म्हणजे खणणारे हात तुम्हाला दिसत नाहीत. तटावर उभं राहिलं की नुसता आवाज येतो, कुदळीचा, आणि मधून मधून दगड घरंगळल्याचा. तुमच्या हातात दिवटी आहे. ती उंच धरली तर खालच्यांना नेमका नेम मिळेल. विझवली तर परतीचा जिना सापडणार नाही. भयकथेसाठी लेखकाला अमावास्या बहुधा ओढूनताणून आणावी लागते. इथं ती पंचांगानंच आणून ठेवली आहे.

१३ च्या सकाळी तोफा सुरू होतात. दक्षिणेच्या उतारावरून वेलस्लीचाही मारा चालू आहे, पण त्यानं तिथल्या दरवाज्याचं फारसं काही बिघडत नाही. उत्तरेचा तट मात्र ढासळतो. दोन दिवस आतल्या दालनांत चुना झडत राहतो आणि समयांची ज्योत प्रत्येक गोळ्यागणिक हलते. जनानखान्यात स्वयंपाक होतो, कुणी जेवत नाही. लेकरं विचारतात आणि त्यांना उगी म्हटलं जातं. १४ च्या रात्री तटाला पडलेलं खिंडार चढण्याजोगं होतं.

आता १५ डिसेंबर. सकाळचे दहा.

गेम बनवणाऱ्याला माझी पहिली विनंती इथं आहे : यानंतरचं रात्री दाखवू नका. हे सगळं लख्ख उन्हात घडलं. हिवाळ्याचं कोवळं ऊन, निरभ्र आकाश, समोर मेळघाटाच्या रांगा स्पष्ट दिसणाऱ्या. कर्नल केनीच्या हाताखालची तुकडी खिंडारातून बाहेरच्या किल्ल्यात शिरते. शिबंदी आतल्या किल्ल्याकडं धावते. आतल्या तटाला खिंडार नाही, दरवाजा बंद आहे, आणि थोडा वेळ असं वाटतं की इथं तरी गोष्ट अडेल. मग तट चढता येईल अशी एक जागा हल्लेखोरांना सापडते. कॅप्टन कॅम्पबेल ९४व्या पलटणीच्या लोकांसह तिथं शिड्या लावतो, आत उतरतो आणि दरवाजा उघडतो.

त्या दरवाज्याचा आवाज तुम्ही जनानखान्यातून ऐकता. त्याच्या आधी एक हुकूम आलेला आहे.

किल्लेदार आणि बेनीसिंग दोघंही रजपूत. गड पडला तर आपण जगायचं नाही आणि घरच्या बायका-मुलींना शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मारायचं काम दुसऱ्यांवर सोपवलं आणि स्वतः दरवाज्याकडं गेले. तिथं, प्रेतांच्या ढिगात, दोघंही नंतर सापडले. वेगवेगळ्या दरवाज्यांपाशी माणसं मोठ्या संख्येनं मारली गेली, हे वेलस्लीनं स्वतःच्या अहवालात लिहून ठेवलं आहे.

आत दालनात उजेड कमी आहे. खिडक्या बंद केल्या आहेत. तलवार घेऊन आलेला माणूस तुम्हाला ओळखतो. इतकी वर्षं तुम्हीच त्याच्या वाटेवरची दिवटी लावत आला आहात. तो म्हणतो, "उजेड धर."

गेम इथं थांबतो आणि तुमच्याकडं पाहतो. बुधल्यात तेल आहे. दिवा धरायचा की फुंकायचा?

हा प्रसंग माझ्या कल्पनेतला. पण त्याला जागा इतिहासानंच ठेवली आहे. कारण तो हुकूम अर्धाच पाळला गेला. इंग्रज आत आले तेव्हा काही बायका मेलेल्या होत्या आणि कितीतरी जिवंत होत्या, काहींच्या अंगावर एकाहून जास्त घाव असलेल्या. इंग्रजी लेखकांनी हे एका-दोन वाक्यांत उरकलं आहे, काम नीट झालं नाही अशा सुरात. मला ती वाक्यं वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो. काम नीट झालं नाही म्हणजे कुणाचा तरी हात चळला. कुणीतरी अंधार केला, कुणीतरी मधे पडलं, कुणाला तरी समोरची मुलगी आपल्या मुलीएवढी वाटली. गाविलगडाच्या वेढ्यात वेलस्लीचं नाव आहे, केनीचं आहे, कॅम्पबेलचं आहे, पलटणींचे आकडेसुद्धा आहेत. दालनातल्या एकाही बाईचं नाव त्या हकीगतींत नाही. वेढ्याच्या साऱ्या शौर्यापेक्षा मला हा चळलेला हात मोठा वाटतो, आणि हा खेळ त्याच्याभोवतीच फिरला पाहिजे.

तसं झालं तर शेवट एकच राहणार नाही. दिवा फुंकलात तर दोघी वाचतील. कोपऱ्यातल्या म्हातारीपर्यंत तुमचा हात पोचणार नाही. धरलात तर पुढचं सगळं स्पष्ट दिसेल आणि तेही खेळणाऱ्याला पाहावं लागेल. कुठल्याही वाटेनं सगळ्या वाचतात असा शेवट ठेवू नये. तो खोटा होईल.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याच्या देवगावात तह झाला. भोसल्यांनी कटक दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र त्यांना परत मिळाले. ज्या दरवाज्यांपाशी प्रेतांचे ढीग पडले, ते दरवाजे दोन दिवसांनी कागदावर परत. गॉथिक कथेत शाप खरा ठरतो तो असा. पुढं १८५८ मध्ये तात्या टोपे गड ताब्यात घेतील या भीतीनं इंग्रजांनी तो मोडून टाकला. आज तो मेळघाटच्या वाघांच्या रानात ओस पडला आहे.

मराठी भयकथा आपण बहुतेक वेळा कोकणात आणि देशावरच्या जुन्या वाड्यांत नेली. नारायण धारपांनी, रत्नाकर मतकरींनी पिढ्यांना घाबरवलं, राही बर्वे यांच्या 'तुंबाड'नं २०१८ मध्ये तीच पावसाळी ओल पडद्यावर आणली. वऱ्हाडचं कोरडं ऊन मात्र या साहित्यात फारसं आलंच नाही. आणि गाविलगडाची गोष्ट? ती बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं १९९९ मध्ये 'शार्प्स फोर्ट्रेस' म्हणून लिहिली. तिचा नायक इंग्रज फौजेतला आहे, तटावर बाहेरून चढणारा. आतून पाहणारं काही माझ्या वाचनात अजून आलेलं नाही.

ते कुणी करायचं, हेही मी स्पष्टच सांगतो. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूनं 'राजी' हा गेम जगभर विकून दाखवला. त्याची नायिका भावाला शोधायला निघालेली साधी मुलगी आहे. अमरावतीत कठोरा नाक्याला आणि बडनेऱ्याला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथली पोरं रात्र रात्र परदेशी वाड्यांतून भुतं शोधत फिरतात. त्यांनी एकदा परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जावं, दिवसाउजेडी गड पाहावा, दिल्ली दरवाज्याचं मोजमाप घ्यावं, आतल्या तटाकडं चालत जावं. पात्रांना वऱ्हाडी बोलू द्यावं. आणि खेळाची सुरुवात वेलस्लीच्या छावणीतून करू नये. ती तेलाची गाडी घेऊन गडाकडं निघालेल्या बाईपासून करावी, आणि तिला नावही द्यावं.