कालाहारीची रंगीत चित्रफीत आणि तिचा पुरावा

इतिहासाचे साधन म्हणून चलच्चित्राकडे पाहावयाचे झाल्यास मार्शल कुटुंबाने कालाहारीत टिपलेल्या फितींइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. लॉरेन्स मार्शल हे रेथिऑन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. निवृत्तीनंतर, १९५० पासून, पत्नी व मुले यांसह त्यांनी आजच्या नामिबियातील न्याए न्याए प्रदेशात वारंवार मोहिमा नेल्या. तेथील जुवासी लोकांचे जीवन चित्रित करण्याचे काम पुत्र जॉन याजकडे आले. त्याने वापरलेली कोडाक्रोम फीत १९३५ मध्ये प्रथम बाजारात आली. अंधारात जपून ठेवल्यास तिचे रंग दीर्घकाळ टिकतात. मात्र चित्रणास तिला भरपूर उजेड लागे. सबब या रंगीत पुराव्यात दिवसाचेच जीवन अधिक उतरले, हे अभ्यासकाने ध्यानी घ्यावे.

१९५७ च्या ‘द हंटर्स’मध्ये चार शिकारी विषारी बाणाने जायबंदी झालेल्या जिराफाच्या मागावर कित्येक दिवस चालत राहतात. कथा एकसंध दिसते; वास्तविक ती निरनिराळ्या प्रसंगांचे चित्रण जोडून रचलेली आहे. याहून मोठी उणीव आशयाची. भूक व मृगया हेच या जीवनाचे सार, असा ग्रह चित्रपट करून देतो. पुढे १९६० च्या दशकात रिचर्ड ली यांनी सीमेपलीकडील डोबे येथे अन्नाची प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हा आहाराचा बहुतांश भाग वनस्पतिजन्य असून तो मुख्यत्वे स्त्रिया गोळा करतात, असे निष्पन्न झाले. रंगांमुळे प्रेक्षकाचा विश्वास लवकर बसतो. पण कॅमेरा कोणाच्या मागे चालला, हे रंग सांगत नाहीत!

तथापि एवढ्यावरून ही फीत त्याज्य ठरवणे अविचाराचे होईल. जोडलेल्या कथेतही बाणाला विष लावणारे हात खरे आहेत, चालण्याची ढब खरी आहे. शिवाय संपादित चित्रपटापेक्षा मूळ न कापलेल्या फितींचे मोल कितीतरी अधिक.

१९५८ नंतर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने जॉनला प्रवेश नाकारला. तो परतला १९७८ मध्ये. मधल्या काळात जुवासींची बरीचशी भूमी गेली होती आणि पुष्कळजण त्सुमक्वे या सरकारी वसाहतीत धान्याच्या शिध्यावर जगत होते. १९८० च्या ‘नाय’ या चित्रपटात त्याने एकाच स्त्रीचे बालपणीचे जुने चित्रण व तिचे त्सुमक्वेतील जीवन शेजारी मांडले, आणि स्वतःच्याच पूर्वीच्या चित्राला एक प्रकारे उत्तर दिले. २००५ मध्ये जॉन निवर्तला. स्मिथसोनियनमध्ये जतन केलेला हा संग्रह २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात नोंदला गेला.